होशोहवासवाले अप्पा

गुरुलिंगअप्पांना कोणी चहा विचारला तर ते लगेच हो म्हणत नसत. आधी विचारणाऱ्याकडे नीट पाहत आणि म्हणत, "आपण होशोहवासात विचारताय ना?" समोरच्याने मान हलवली की पुढचा सवाल, "कोणाच्या दबावाखाली नाही?" नाही, असे उत्तर आले की मग चहा घेत. सेलूत त्यांना चहा विचारणारे यामुळे बरेच कमी झाले होते. गल्लीतल्या एका लग्नात त्यांनी मांडवात उभ्या असलेल्या नवरदेवाला हेच विचारले. नवरदेव विचारात पडला. मुहूर्त टळायची वेळ आली तेव्हा चार वऱ्हाडींनी अप्पांना उचलून मांडवाबाहेर नेले. अप्पांनी त्या चौघांची नावे लिहून घेतली.

हे त्यांच्या कामामुळे झाले होते. राज्य निजामाचे होते आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. ज्याला स्वतः कचेरीत येता येत नसे, तो आपल्या वतीने बोलायला दुसऱ्याला नेमी. त्या कागदाला मुख्तारनामा म्हणत. देणारा म्हातारा किंवा आजारी असला तर त्याच्या घरी जायचे, तो होशोहवासात म्हणजे शुद्धीवर आहे, राजीखुशीने देतो आहे, याची खात्री करायची आणि अंगठा घ्यायचा, याला तस्दीक म्हणत. अप्पा तस्दीक करत गावोगाव फिरत. काळी शेरवानी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि मांडीवर पत्र्याची पेटी. मी त्यांचा शेजारी होतो आणि मला उर्दू वाचता येत असे, म्हणून साक्षीदार म्हणून ते मला गाडीत घालून नेत.

अप्पांचे दोन नियम होते. सवाल तीनदा विचारायचा, आणि जवाब जसा येईल तसा लिहायचा. "पढवलेला जवाब चालत नाही," असे ते म्हणत. सवालाचा अर्थ समजावून सांगणे हेही त्यांच्या मते पढवणेच होते.

देवगाव फाट्याजवळच्या एका गावात सोनाबाई नावाच्या सत्तरीच्या विधवा होत्या. गुडघे गेलेले होते. त्यांच्या बांधावरच्या विहिरीवर शेजारच्या शेतकऱ्याने दावा लावला होता आणि दुसऱ्या दिवशी सेलूच्या कचेरीत पेशी, म्हणजे सुनावणी होती. त्यांचा भाचा किशन मुख्तारनामा घेऊन उभा राहिला नाही, तर विहीर एकतर्फी शेजाऱ्याकडे जाणार होती.

अप्पांनी पेटी उघडली, टाक शाईत बुडवला आणि विचारले, "सोनाबाई, तुम्ही होशोहवासात आहात काय?"

सोनाबाईंना ऐकू चांगले येत होते. पण या सवालात ओळखीचा वाटावा असा एकच शब्द होता.

"हौस?" त्या म्हणाल्या. "आता कशाची हौस, बाबा. मालक गेले तवाच गेली."

अप्पांनी तसे लिहिले.

"आत्या, हाय म्हण की," दारातून किशन म्हणाला.

अप्पांनी टाक खाली ठेवला. "पढवलं," ते म्हणाले. किशनची रवानगी गोठ्यात झाली. होशोहवासऐवजी शुद्धीवर म्हणून पाहावे, असे मी हळूच सुचवले. "गोठ्यात अजून जागा आहे," अप्पा म्हणाले.

दुसऱ्यांदा सवाल झाला. भाच्याचे बोलणे सोनाबाईंच्या कानावर पडलेच होते.

"हाय," त्या म्हणाल्या. "लय हौस हाय."

होशोहवास लय असू शकतात, असे अप्पांना कोणत्याही कायद्यात आढळले नव्हते. "खुलासा करा," ते म्हणाले.

"पाटल्या घालायची. अन् एक डाव आगगाडीत बसायची. चुडाव्याला माजी धाकटी बहीण हाय. बारा वर्सं झाली, तिचं तोंड बघितलं न्हाई."

अप्पांनी पाटल्या लिहिल्या, आगगाडी लिहिली, चुडावा आणि बहीणही लिहिली. मग तिसऱ्यांदा तोच सवाल विचारला.

"आरं किती डाव इचारायलास? तुला ऐकू येईना का?" सोनाबाई सरसावून बसल्या. "आज बुधवार हाय. उंद्या पेशी हाय. हीर माज्या सासऱ्यानं खांदली. सोळा पायऱ्या हायेत, सातवी निखळलेली हाय. तिच्यावरून ह्या शेजाऱ्याचाच बाप आत पडला व्हता अन् माज्याच मालकानं त्याला वर काढला. तवा हीर त्याची हाय म्हणून कुणी बोललं न्हाई. माजं गुडघं चालंनात म्हणून किशनला धाडायले. आंगठा घ्यायचा तर घे, न्हाईतर च्या पिऊन वाटंला लाग."

अप्पांचा टाक थांबला नाही. सगळे लिहून झाल्यावर त्यांनी खाली 'होशोहवास पुरे' असा शेरा मारला आणि अंगठा घेतला. मग चहा आला. अप्पा तोंड उघडणार एवढ्यात सोनाबाई म्हणाल्या, "पुन्यांदा हौस काढलीस तर कपबशी माघारी नेईन." अप्पांनी सवाल न करता चहा घेतलेला मी तेव्हा एकदाच पाहिला.

अप्पांनी बाईंचे शब्द उर्दू लिपीत उतरवले होते. त्या लिपीत हौस आणि हवस हे दोन्ही शब्द एकाच अक्षरांनी लिहितात. उर्दूत हवस म्हणजे लालसा, तीही चारचौघांत बोलू नये अशी. दुसऱ्या दिवशी पेशीला शेजाऱ्याच्या वकिलाने तोच शब्द वाचला, आणि मोठ्याने वाचला.

"जनाब, सत्तर साल की औरत लिखवाती है, लय हवस हाय," वकील म्हणाला. कचेरी हसली. "पाटल्यांची हवस. आगगाडीची हवस. ही बाई होशमध्ये नाही. मुख्तारनामा रद्द व्हावा."

किशनचा चेहरा उतरला. तहसीलदारांनी अप्पांना पुढे बोलावले.

"हे काय आहे?"

"हौस आहे, जनाब. हवस नाही."

"पण ती इथे कशाला? गाळून साफ नक्कल करता आली नसती?"

अप्पांनी कागदावरच्या अंगठ्याकडे बोट केले. मग म्हणाले, "बाईंना चालता येत नाही, जनाब. त्यांचं कचेरीत एवढंच येणार होतं. त्यातलं गाळलं असतं तर त्या अर्ध्याच आल्या असत्या."

तहसीलदारांनी वकिलाला कागद शेवटपर्यंत वाचायला लावला. वकील सातव्या पायरीपाशी आला आणि त्याचा आवाज खाली आला.

"तुझे वडील विहिरीत पडले होते?" तहसीलदारांनी शेजाऱ्याला विचारले.

"पडले व्हते."

"विहीर तेव्हा कोणाची म्हणत?"

शेजाऱ्याने वकिलाकडे पाहिले.

"पढवलेला जवाब चालत नाही," मागून अप्पा म्हणाले.

मुख्तारनामा मंजूर झाला. किशनला फारसे बोलावे लागले नाही. विहीर सोनाबाईंकडे राहिली.

आठवड्याने किशन हरभऱ्याच्या डहाळ्यांचा भारा माझ्या ओट्यावर टाकून गेला. हा अप्पांसाठी शेतातला वानोळा होता, पण ते त्याला लाच म्हणतील, तेव्हा तुम्हीच कसा तो पोचवा, असा आत्याचा निरोप होता. दिवस मावळायच्या सुमारास मी भारा घेऊन गेलो. अप्पांना बायकामुले नव्हती. आतून बोलणे ऐकू आले म्हणून मी दारातच थांबलो.

अप्पा जेवायला बसले होते. ताटाभोवती तस्दीक केलेल्या कागदांच्या नकला पसरल्या होत्या. कित्येक वर्षांच्या असाव्यात, कडा पिवळ्या पडलेल्या. एक नक्कल हातात धरून ते वाचत होते, थेट सोनाबाईंच्या सुरात. चुडाव्याला माजी धाकटी बहीण हाय. बारा वर्सं झाली. मग भाकरीचा घास घेतला आणि आपल्या आवाजात विचारले, "बरं, मग?"

मी दिसल्यावर ते ओशाळले. कागद उलटा ठेवला. मग भाऱ्याकडे पाहिले, कोणी पाठवला ते विचारले नाही, आणि शेजारचा पाट पुढे सरकवला.

"बसा," ते म्हणाले. "बाईंचं बोलणं व्हायचंय अजून."