राजकोटची दुपार आणि नवा बाप

राजकोटात सारं गाव झोपतं तेव्हा, दुपारी एक ते चार, जागं राहायचं, असं दुष्यंतभाई वसावडांनी रविवारी जेवता जेवता ठरवलं, तेव्हा नयनाबेननी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाही. मग झालंय काय तुम्हाला?"

"बाप झालोय," दुष्यंतभाई गुरगुरले. "सहा वर्षांनी लक्षात आलं."

उशिरा झालेली ऋत्वी शाळेतलं सगळं आईला सांगे, दूधवाल्यालाही सांगे, बापाला फक्त "हं." दुष्यंतभाईंना हे फार लागे. पण पंचवीस वर्षं बातमीदारी करून मंत्र्यांना घाम फोडलेला हा माणूस घरातही तोच खाक्या चालवी. "कोण म्हणालं? तू तिथं होतीस का? पुरावा?" (मंत्री निदान चहा पाजून विषय तरी बदलत. पोरगी काय करणार?)

अशात शाळेत एका बालविकासतज्ज्ञ डॉक्टरबाईंचं व्याख्यान झालं. दुष्यंतभाई भांडायलाच गेले होते. "पाहणी किती मुलांची? किती वर्षं? पैसा कुणाचा?" बाईंनी शांतपणे सगळं सांगितलं, वर अभ्यासांच्या प्रती हातात ठेवल्या. गडी लढायला गेला आणि भक्त होऊन परतला. बाईंचं सांगणं असं: मुलाच्या कुतूहलाच्या मागं जा. उलटतपासणी नको, दिसतं ते नुसतं बोला. हुकूम सोडू नका, दोन पर्याय द्या. मथळा मिळाला म्हणताच दुष्यंतभाई सवयीनं चहाच्या सुट्टीत निघून आले.

तर त्या दुपारी ताक पिऊन अख्खी सोसायटी आडवी झाली. नयनाबेनही घोरू लागल्या.

"ऋत्वी, झोपतेस की चित्र काढतेस?"

"पप्पा," ऋत्वी म्हणाली, "लोक दुपारी खरंच झोपतात, की नुसतं दार लावून बसतात?"

दुष्यंतभाईंच्या अंगावर रोमांच आले. काय प्रश्न! इतक्या वर्षांत राजकोटच्या एकाही वार्ताहराला सुचला नव्हता.

"ज्याचं त्यालाच विचारावं, दीकरा," ते बोलून गेले.

ऋत्वीनं त्यांचं ओळखपत्र गळ्यात घातलं आणि ती जिन्यात पळाली. दुष्यंतभाई अनवाणीच मागं. 'नको' हा शब्द ओठांवर आला, पण संशोधन आडवं आलं.

"तू बेल दाबते आहेस," ते दिसेल ते बोलू लागले. "जोरात दाबते आहेस. आता समोरचीही दाबते आहेस."

दारं धडाधड उघडली. दुसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर गोहिलबापू बाहेर आले. मिशीचं एक टोक उशीनं पार चपटं केलेलं.

"बापू, तुम्ही झोपला होता का?" ऋत्वीनं विचारलं.

"होतो!"

"पुरावा?"

बापूंनी बापाकडं पाहिलं. "वसावडा, राजकोटात जन्मलात ना? दुपारी दोनला बेल वाजली की आम्ही आधी कोण गेलं ते विचारतो! आणि तुम्ही मागं उभं राहून धावतं वर्णन करताय?"

"हे संशोधन आहे, बापू."

"कसलं?"

एवढ्यात नयनाबेन केस बांधत वर आल्या. "चहानंतर बाई काय म्हणाल्या ठाऊक आहे? मर्यादा घालणं हेही प्रेमच. ती घालायची, आणि ठामपणे. मी शेवटपर्यंत बसले होते!"

दुष्यंतभाईंचा चेहरा दुरुस्तीचा खुलासा छापावा लागल्यासारखा झाला. घरी येऊन ते झोपाळ्यावर जाऊन बसले. बऱ्याच वेळानं ऋत्वी शेजारी येऊन बसली.

"पप्पा, आज मजा आली. काल ना, आमच्या वर्गात उर्विलनं खडू खाल्ला."

'तू पाहिलंस का?' जिभेवर आलेलं दुष्यंतभाईंनी गिळलं. "खडू खाल्ला," ते नुसते म्हणाले.

आणि काय आश्चर्य, ऋत्वी बोलतच सुटली. खडूचा रंग, बाईंचा चेहरा, उर्विलची ढेकर! दुष्यंतभाईंचे डोळे भरून आले. पुढचा अर्धा तास त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

शेवटी ऋत्वीनं त्यांचा हात धरून उठवलं. "आता सगळ्यांना सॉरी म्हणायचं. खालून वर जायचं की वरून खाली? तुम्ही निवडा."

"वरून," ते गहिवरून म्हणाले, आणि गोहिलबापूंच्या दाराशी जाऊन त्यांनी स्वतःच बेल दाबली.

साडेतीन वाजले होते. बापूंचा नुकताच पुन्हा डोळा लागला होता.