दुःख मोजणारी पाटी

एका जंगलात, बाळांनो, कारभार इतका चोख होता की दुःखी व्हायचं झालं तरी आधी नोंद करावी लागे.

एकदा डोंगरापलीकडच्या रानाला वणवा लागला. तिथली चाळीस जनावरं जीव घेऊन इकडे आश्रयाला आली. त्यांची बोली इथं कोणालाच कळेना.

मनाच्या आजारांचे जाणकार म्हणजे बगळेसाहेब. त्यांनी एका पायावर उभं राहून विचार केला आणि एक काचेची पाटी मागवली. पाटीला अठरा बोली येत. ती विचारी, "गेल्या पंधरवड्यात आपणांस उदास वाटले का?" खाली तीन तोंडं काढलेली. हसरं, मधलं आणि रडकं. पंजा लावला की झालं.

रडक्यांना औषधपाणी मिळणार होतं. हसऱ्यांना सोमवारी जळक्या रानात परत पाठवायचं होतं.

पाटी घेऊन फिरायचं काम नरहर मुंगसाकडे आलं. एका दिवसात एकोणचाळीस जणांनी हसऱ्या तोंडावर पंजा लावला.

"वणवा प्रकृतीला मानवलेला दिसतो," बगळेसाहेब म्हणाले. "यावर निबंध लिहायला हवा. चाळिसावं कोण राहिलं?"

"गोजा नावाची सायाळ आहे, साहेब. नऊ दिवस अन्नाला शिवली नाही. अशानं मरेल ती."

"मरायच्या आत नोंद झाली पाहिजे. जा, खारे."

नरहर गोजाबाईकडे गेला. ती खडकाकडे तोंड करून बसली होती. पाटीनं तीनदा विचारलं, तिनं एकदाही मान वळवली नाही. नरहर थकून तिच्याशेजारीच बसला आणि आपल्याशीच पुटपुटला, "अकरा वर्षं नोकरी केली, तरी साहेब मला खारच म्हणतात. मी मुंगूस आहे."

पाटी चालूच होती. तिनं हेही इमानानं गोजाबाईच्या बोलीत सांगून टाकलं.

गोजाबाईनं मान वळवली. "अकरा वर्षं? मग तू त्यांना सांगत का नाहीस?"

"सांगितलं ना. ते म्हणाले, बरं, खारे."

गोजाबाईच्या मिशा हलल्या. थोड्या वेळानं ती बोलायला लागली. धूर आला तेव्हा ती कंद आणायला गेली होती. दोन पिल्लं बिळातच राहिली. नरहर ऐकत राहिला. सूर्य डोंगराआड गेला तरी उठला नाही.

शेवटी तिनं अर्धा कंद कुरतडला.

"हे आधी का नाही सांगितलंत, बाई?"

"लेकरा, आमच्याकडे विचारणाऱ्यानं पहिल्यांदा आपलं सांगायचं असतं. रिकाम्या हातानं कोणी दुसऱ्याचं दुःख मागतं का? तुझी ही पाटी नुसतीच विचारते. तिला काय सांगणार? पाहुण्यानं बरं आहे म्हणावं आणि गप्प बसावं."

नरहर धावत गेला आणि साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांना पटलं. त्यांनी लगेच हुकूम काढला, "पाटीत एक दुःख बसवा."

दुसऱ्या दिवशी पाटी अठरा बोलींत रडू लागली. "माझी बॅटरी टिकत नाही. मला कोणी नीट पुसत नाही. आता तुमचं सांगा, दोन शब्दांत."

पाहुणे मनानं हळवे. दोन शब्दांत आपलं काही मावेना, म्हणून त्यांनी पाटीचंच सांत्वन केलं. कोणी तिला शेपटीनं पुसलं, कोणी उन्हात नेऊन ठेवलं. एका म्हाताऱ्या सायाळानं तिला अंगाई म्हटली.

अहवाल तयार झाला. पाहुणे ठणठणीत, पाटी गंभीर. औषधपाण्याची सगळी तरतूद तिच्यावर खर्च झाली आणि तिला महिनाभर थंड हवेच्या टेकडीवर पाठवलं. परत पाठवायच्या यादीवर पाटीचा शिक्का लागे, त्यामुळे सोमवारची यादी तशीच राहिली.

नरहरला मात्र साहेबांनी बोलावलं. "त्या सायाळीपाशी अख्खा दिवस, आणि एकच नोंद? उद्यापासून येऊ नकोस."

नरहर मान खाली घालून पाहुण्यांच्या छावणीत आला. "बाई, माझी नोकरी गेली," तो म्हणाला.

पाटी नव्हती, पण एव्हाना चार शब्द त्याला येत होते, चार तिला.

गोजाबाई बाजूला सरकली, त्याला जागा करून दिली आणि मागे वळून हाक मारली, "या रे सगळे. याच्याकडे आता मोठं दुःख आहे."

एकोणचाळीस जणांची रांग लागली.

तात्पर्य : दुःखिताची चौकशी नेहमी यंत्राकडूनच करावी. जिवंत प्राणी पाठवला तर तो ऐकत बसतो, आणि अहवाल रखडतो.