बागूल अण्णांची निळी नळी

आमच्या शेजारच्या बागूल अण्णांकडे चहाला गेलं, की आधी दुधाची तपासणी होत असे. लघवीतली साखर बघायचं निळं औषध परीक्षानळीत घ्यायचं, त्यात दुधाचे थेंब टाकायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. ती विटकरी झाली, की अण्णा चोर सापडल्यासारखे खूश. "बघा! साखर!" मग आम्हाला कोरा चहा.

अण्णा वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. दुकानदारांच्या मागे लागायची सोय संपली, तोच त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना, मधुमेह निघाला आणि अण्णांना नवं खातं मिळालं. गाईचं, म्हशीचं, पिशवीतलं, सगळी दुधं विटकरी! गवळी वैतागला. "अण्णा, माझी म्हैस लय गुणाची हे. तिला काय शुगर झाली का?"

"नळी खोटं बोलत नाही," अण्णा म्हणाले.

दोन हजार साल उलटलं आणि कॉलेज रोडच्या एका दुकानात खोक्यातलं सोयाबीनचं दूध आलं. अण्णांनी तेही तापवलं. नळी निळीच्या निळी! त्या दिवसापासून गवळ्याचा रतीब बंद. मी खोक्यावरचा मजकूर वाचू लागलो, तर म्हणाले, "ठेवा ते. लेबल माणूस लिहितो. जन्मभर माणसंच पकडली मी." खोकी महाग, म्हणून ते दूध फक्त काकूंना. त्याही सकाळ-संध्याकाळ पेला रिकामा करून नवऱ्याच्या शास्त्राचं कौतुक करत. बायको इतकी आज्ञाधारक झाली की संशय घ्यावा, हे वजनमापे खात्यात शिकवत नसावेत.

पुढे काकूंची साखर इतकी चढली, की दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथल्या लॅबवाल्याने उलगडा केला. त्या औषधाला गाई-म्हशीच्या दुधातली मूळची साखर दिसते, वरून घातलेली उसाची साखर दिसतच नाही. आणि खोक्यात ती सढळ हाताने घातलेली होती.

"काकू, तुम्हाला गोड लागलं नाही?" मी विचारलं.

"लागलं की! इतक्या वर्षांनी हे स्वतःच्या हाताने गोड देतायत, मी कशाला बोलू?"

मला हसू आवरेना. "अहो अण्णा, एक घोट चाखून तरी बघायचा!"

अण्णा पलंगाशेजारी स्टुलावर बसले होते. चेहरा पार उतरलेला. "चाखणार कसं? हिचं गोड बंद झालं, तेव्हापासून मीही तोंडात घातलेलं नाही."

काकू बघतच राहिल्या. "मग लग्नाकार्यात जिलबी आली की दाढ दुखते म्हणायचात, ते?"

काकूंनी पाय आखडून घेतले आणि अण्णांना पलंगावर बसायला जागा केली.