रेडिओकाकांचा राग

रेडिओकाकांना राग येत नाही, ही त्यांच्या संसारातली सर्वांत जुनी तक्रार होती आणि ती अर्थातच काकूंची होती. जन्मभर रेडिओ दुरुस्त करून त्या माणसाचा स्वभावच असा झाला होता की, समोरचा कितीही खरखरला तरी हे आपले हळूच बटण फिरवून स्टेशन शोधत बसणार. भांडायला दोन माणसं लागतात. घरात एकच उपलब्ध असल्यामुळे काकूंना अडतीस वर्षांतली सगळी भांडणं एकट्यानेच पार पाडावी लागली होती.

विषय मात्र काकांनी कधी कमी पडू दिले नाहीत. उघडलेली वस्तू मिटायची असते, हे त्यांच्या गावीच नव्हतं. तोंड धुतलं की नळ चालू, खोलीतून बाहेर पडले की पंखा चालू, डबा एकीकडे, झाकण दुसरीकडे. काकू त्यांच्या मागोमाग घरभर हिंडत नळ, दिवे, कपाटं बंद करत जायच्या. हे इतकी वर्षं चाललं होतं की, वस्तू आपल्या आपण बंद होतात अशीच काकांची प्रामाणिक समजूत झाली होती.

दुकान विकल्यावर काकांनी एक मोटरसायकल घरी आणली. मोटोक्रॉसची, म्हणजे मातीच्या वाटेवर खड्ड्यांतून आणि उंचवट्यांवरून उड्या मारत पळवायची. गाडीचं वय वर्षं पन्नास. तिला दिवा नव्हता, आरसा नव्हता, मागे बसायला जागा नव्हती.

"मग आहे तरी काय हिला?" काकूंनी विचारलं.

"इतिहास," काका म्हणाले.

हा इतिहास बाहेरच्या खोलीत खिडकीखाली उभा राहिला. त्या जागी काकूंचं शिलाई मशीन यायचं होतं, ते पलंगाखाली गेलं. इतिहासाला खोड एकच होती. तो सुरू होत नसे.

काका सकाळ-संध्याकाळ किक मारत. जगातला प्रत्येक बिघाड हा करंटचा असतो, असा त्यांचा धंद्याने शिकवलेला सिद्धांत होता. त्यांनी प्लग बदलला, वायर बदलली, कॉइल बदलली. शेवटी गाडीत इतका करंट झाला की एकदा तिच्या झटक्याने काकाच पायपुसण्यावर जाऊन बसले. गाडी मात्र ढिम्म हलली नाही.

मग एके दुपारी नवल घडलं. काकूंचा नुकता डोळा लागला होता आणि बाहेर किक मारणं चालू होतं. पन्नासाव्या किकेला काकू ताडकन उठून बाहेर आल्या. काका पलीकडच्या बाजूला गुडघ्यांवर बसून, टेस्टर दातांत धरून प्लग बघत होते.

"सरका!" काकू कडाडल्या. "जमिनीवर ठिपके, घरभर वास आणि वर ही धडधड! माणसाने डोळा मिटायचा तरी कधी?" असं म्हणत त्यांनी वाकून टाकीचा आधार घेतला, जरा वेळ तिथेच पुटपुटल्या, आणि मग सगळा संताप पायात आणून एक किक हाणली.

गाडी गर्जत सुरू झाली. खिडकीच्या काचा थरथरल्या.

पुढच्या आठवड्यात असं आणखी दोनदा झालं. दोन्ही वेळा काकांच्या किकांनी काही झालं नाही आणि दोन्ही वेळा काकूंच्या पहिल्याच किकेला गाडी पेटली. काकांनी शांतपणे विचार केला. तीच किक, तीच गाडी. फरक एकच.

"हिला राग लागतो," काकांनी निष्कर्ष काढला. "जुनी यंत्रं मानी असतात गं. गोडीगुलाबीने मारलेली किक त्यांना लागतच नाही."

"मला तर वाटतं हिला भंगारवाला लागतो," काकू म्हणाल्या.

आता गावाबाहेरच्या माळावर जुन्या गाड्यांचं एक मंडळ शर्यती भरवत असे. नियम असा की गाड्या इंजिन बंद ठेवून रांगेत उभ्या करायच्या आणि झेंडा पडला की ज्याने त्याने स्वतः किक मारून निघायचं. काकांनी तीनदा नाव दिलं होतं. तिन्ही वेळा बाकीचे निघून गेले, अख्खी फेरी मारून परत आले, आणि काका तिथेच किक मारत असलेले पाहून त्यांना हात हलवून पुढे गेले. कुंपणाजवळ एक बेकरीवाला उभा असे. त्याच्याकडे अशा चार गाड्या होत्या आणि त्याला पाचवी हवी होती. तो येताना ट्रॉली आणि दोरी घेऊनच यायचा.

तिसऱ्या शर्यतीनंतर काकूंनी निकाल दिला. "येत्या रविवारी एक फेरी. फक्त एक. ती झाली तर ती बया खिडकीखाली राहील. नाही झाली तर बेकरीवाल्याची दोरी आणि माझं शिलाई मशीन."

काका बराच वेळ गाडीच्या टाकीवरून फडकं फिरवत राहिले. त्या दिवशी त्यांचा चहा तसाच गार झाला. ते काकूंना दिसलं.

हातात सहा दिवस होते आणि सहा दिवसांत राग शिकायचा होता. काकांनी सोमवारीच सुरुवात केली. टपाल कचेरीच्या रांगेत एक माणूस मध्ये घुसला, तेव्हा काका छाती काढून त्याच्यावर धावून गेले. पाच मिनिटांनी ते त्याचा फॉर्म भरून देत होते, कारण त्याचा चष्मा घरी राहिला होता. मंगळवारी वरच्या मजल्यावरच्या मास्तरांशी गच्चीच्या वापरावरून भांडायचं ठरवून ते जिना चढले आणि येताना त्यांचा बिघडलेला मिक्सर घेऊन खाली उतरले. बुधवारी आरशासमोर उभं राहून त्यांनी डोळे वटारले. काकूंना वाटलं डोळ्यात कचरा गेला. त्या फुंकर मारायला धावल्या.

"तूच चिडव मला," शनिवारी काका काकुळतीला येऊन म्हणाले. "उद्या माळावर तू चल. झेंडा पडायच्या आधी असं काही बोल की माझं डोकं फिरलं पाहिजे."

"अडतीस वर्षं मी दुसरं काय करतेय?" काकू म्हणाल्या. पण त्या गेल्या.

सकाळी तपासणी झाली. या शर्यतीपासून तपासणीत इंजिन चालू करून दाखवावं लागणार होतं, पण कोणी करायचं याला नियम नव्हता. काकूंनी वाकून, पुटपुटून किक मारली आणि गाडी सुरू झाली. तपासनीसाने मान डोलावली, काकांनी इंजिन बंद केलं आणि दोघं गाडी ढकलत रांगेकडे निघाले. तेवढ्यात काकूंच्या चपलेवर पेट्रोलचे दोन थेंब पडले. "शी!" म्हणून त्यांनी सवयीने खाली वाकून आवराआवर केली आणि त्या प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

रांगेत बारा गाड्या. काका हेल्मेटमधून काकूंकडे बघत होते.

"सुरू कर," ते ओरडले.

"तुम्हाला टक्कल पडलंय!"

"केव्हाच!"

"तुम्ही घोरता!"

"तुझी झोपमोड होते ना? कुशीवर वळत जाईन!"

"तुमच्या आईने मला कधी धड वागवलं नाही!"

"खरंय गं. तिने मलाही नाही!"

शेजारचा गाडीवाला हसायला लागला. झेंडेवाला म्हणाला, "काकू, अर्धं मिनिट राहिलंय हं. नीट बोला."

काकूंनी कुंपणाकडे पाहिलं. बेकरीवाला दोरीची गाठ सोडत होता. मग त्यांनी काकांकडे पाहिलं. त्या भल्यामोठ्या हेल्मेटच्या आत म्हाताऱ्याचा चेहरा एवढासा झाला होता. आज ही गाडी गेली तर हा माणूस कोणावर चिडणार नाही, कुरकुरणार नाही, नुसता त्या रिकाम्या खिडकीखाली खुर्ची टाकून बसेल, हे काकूंना लख्ख दिसलं. कधीही वापरायचं नाही असं ठरवून जपलेलं एक हत्यार त्यांच्याकडे होतं. ते त्यांनी बाहेर काढलं.

"अहो! लग्न ठरलं तेव्हा तुम्ही माझ्या बाबांना स्वतः बनवलेला रेडिओ दिला होतात ना?"

काकांचा चेहरा उजळला. "चार बँडचा! त्याचं काय?"

"तो एक दिवस वाजला नाही! तुमच्या समोरच्या दुकानातल्या घड्याळवाल्याकडून बाबांनी दुरुस्त करून घेतला!"

काकांनी हँडल घट्ट धरलं.

"घड्याळवाल्याकडून?"

"घड्याळवाल्याकडून!"

"माझा रेडिओ? घड्याळवाल्याने?" काकांचा आवाज फाटला. हेल्मेटच्या आत ते लालबुंद होत गेले. "पट्टे बदलणारा माणूस तो! त्याने माझ्या रेडिओला..."

झेंडा पडला. काकांनी घड्याळवाल्याचं डोकं समजून किक हाणली आणि गाडी पहिल्या फटक्यात पेटली. बाकीच्यांचे पाय अजून किकेवर असताना काका मातीचा फवारा उडवत निघालेसुद्धा. पहिल्या वळणाला ते सगळ्यांच्या पुढे होते. पहिल्या उंचवट्यावर गाडीची दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली आणि काकांच्या तोंडून जो आवाज निघाला तो काकूंनी अडतीस वर्षांत ऐकला नव्हता. "अहो!" त्या दोरी धरून उड्या मारायला लागल्या. "अहो, बघा बघा, माझे मिस्टर!"

दुसऱ्या वळणावर गाडी खोकली, आचके दिले आणि बंद पडली.

अकरा गाड्या शेजारून गेल्या. काका किका मारत राहिले. घड्याळवाल्याला आठवून मारल्या, त्याच्या दुकानाची पाटी आठवून मारल्या, पण काही झालं नाही. बेकरीवाला दोरी खांद्यावर टाकून पुढे आला. "काकू, ट्रॉली आणू का इकडे?"

"थांबा जरा," म्हणत काकू दोरीखालून वाकून आत शिरल्या आणि चपला हातात घेऊन चिखलातून तरातरा चालू लागल्या. झेंडेवाल्याने शिट्टी फुंकली.

"काकू, बाहेरच्या माणसाने गाडीला हात लावायचा नाही!"

"तोंड चालवलं तर चालतं?"

झेंडेवाल्याने विचार केला. "तोंडाबद्दल काही लिहिलेलं नाही."

काकू गाडीपासून चार पावलांवर उभ्या राहिल्या. "अहो, टाकीखाली हात घाला. डावीकडे. तिथे एक छोटी चावी लागेल. फिरवा ती."

काकांनी फिरवली. "हे काय आहे?"

"नळ. पेट्रोलचा."

"तो मला माहीत आहे," काका दुखावून म्हणाले. "पण बंद कसा? मी तर तो कधीच बंद केला नाही."

"तुम्ही कुठला नळ बंद केलाय आजवर?" काकू म्हणाल्या. "ठिबकत असतो सारखा. घरातले सगळे नळ करते तसा हाही मीच करते रोज. आणि किक मारायच्या आधी उघडते. आत्ताही चपलेवर ठिबकला म्हणून मिटला. आत होतं तेवढ्या पेट्रोलवर इथवर आलात."

काकांनी आधी नळाकडे पाहिलं, मग काकूंकडे. प्लग, वायर, कॉइल, टपाल कचेरीची रांग आणि मास्तरांचा मिक्सर हे सगळं एकेक करून त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं.

"मग मला सांगायचं नाहीस?"

"मला काय माहीत, तो बंद असतो हे तुम्हाला माहीत नाही? करंट करंट म्हणून तुम्हीच वर्षभर जप लावला होतात. माराल का आता किक, की इथेच बसायचंय?"

काकांनी किक मारली. अगदी हळू, त्यांच्या स्वभावाला शोभेलशी. गाडी सुरू झाली. त्यांनी एक फेरी पूर्ण केली, तेव्हा बाकीचे पाणी पिऊन झालेले होते आणि झेंडेवाला झेंडे गुंडाळत होता. तरी त्याने एक झेंडा परत उलगडून हलवला. बेकरीवाल्याने मुकाट्याने दोरी गुंडाळली.

परतताना टेम्पोत काकांनी हेल्मेट मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "तो रेडिओ... खरंच वाजत नव्हता?"

"तुम्हाला राग आणायचा होता ना? आला ना?" काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मग झालं."

हे उत्तर नव्हे, हे घराजवळ आल्यावर काकांच्या लक्षात आलं.

त्या दिवसापासून दोघंही शहाणे झाले. बिचाऱ्याची इतकी दमछाक आपल्या सवयीपायी झाली, म्हणून काकूंनी मनाशी शपथ घेतली की घरातले बाकी सगळे नळ बंद करायचे, पण गाडीच्या नळाला यापुढे हात लावायचा नाही. ठिबकलं तर ठिबकू दे. त्यांनी गाडीखाली एक जुनी वाटी ठेवली आणि काकांना काही सांगितलं नाही. उपकार सांगायचे नसतात.

काकांनीही शपथ घेतली होती, की गाडीचा नळ आता आपणच आठवणीने फिरवायचा. पुढच्या शनिवारी रात्रीच त्यांनी टाकीखाली हात घालून उघड्या नळाची चावी पुरती फिरवली, आत उरलेलं पेट्रोल रात्रभरात वाटीत ठिबकून गेलं, आणि रविवारी सकाळी ऐटीत बाहेरच्या खोलीत येऊन त्यांनी किक मारली.

काही झालं नाही. त्यांनी आणखी दहा मारल्या, मग वीस. मग ते घाम पुसत गाडीपासून दोन पावलं मागे सरले, तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले,

"अगं ए, त्या रेडिओचं पुन्हा एकदा सांग बघू."