सदूभाऊंचं बिऱ्हाड

वीस एप्रिल एकोणीसशे शहाऐंशी, रविवार. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी. मी अंगणात कुळीथ उन्हात पसरत होते आणि दगडी गडग्यापलीकडे आमचे शेजारी सदूभाऊ एका रिकाम्या खोलीला दम देत होते.

“भितरसून कडी लाव गो! आणि कोणय इलो तरी दार उघडू नको!”

आतून उत्तर आलं नाही. येणारच नव्हतं. आत कोणी नव्हतंच.

ही खोली म्हणजे सदूभाऊंचं ‘बिराड’. सदूभाऊंचा ट्रक आहे. हंगामात ते जामसंड्याहून कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या नेतात. ट्रकच्या हौद्यावर नेमकी बसेल अशी फणसाच्या लाकडाची ही खोली त्यांनी स्वतःच्या हाताने बांधली. खिडकी, स्टोव्हची जागा, पाण्याचं पिंप, सगळं आहे. हंगाम संपला की ती ट्रकवर चढवायची आणि थेट गोकर्णापर्यंत जायचं, हे कितीतरी वर्षांचं स्वप्न. तोवर ट्रकवर पेट्या आणि बिऱ्हाड रस्त्याकडेला चार खांबांवर. सदूभाऊ फेरीला गेले की त्याच्याजवळ कोणी नाही.

“बाई, कोणीय ट्रक पाठी लावूचो आणि बिराड घेवन जावचो! भरवसो कोणाचो?”

“सदूभाव, घर कोण चोरून न्हेता?”

“घर न्हेवक गावणा नाय म्हणान न्हेनत नाय. ह्यां न्हेवक गावता!”

त्यांनी दाराला तीन कुलपं लावली. तिसरं कशाला विचारलं तर म्हणाले, दुसऱ्याची राखण करायला. बिऱ्हाड फणसाच्या झाडाला साखळीने बांधलं. साखळी कापली तर आवाज व्हावा म्हणून तिला देवळातल्यासारखी घंटा टांगली. येणारा-जाणारा ती वाजवून नमस्कार करू लागला, तेव्हा काढली.

मग त्यांना सुचलं, की आत माणूस आहे असं वाटलं पाहिजे. माझं जुनं लुगडं मागून नेऊन दोरीवर वाळत घातलं. दाराशी बायकी चपलांचा नवा जोड ठेवला. तो दुसऱ्याच दिवशी चोरीला गेला. सदूभाऊ आनंदाने ओरडत माझ्याकडे आले.

“बघलास? चोर आसत! मी सांगत होतंय ना!”

शेवटचा उपाय म्हणजे ही हाक. कुठेही निघताना मोठ्याने कडी लावायला सांगायचं. ती हाक चोराने ऐकली की नाही ठाऊक नाही. वाडीने ऐकली.

सदूभाऊंचं लग्न झालेलं नाही. मुलगी बघायचं ठरे तेव्हा हे हुबळीला. हे परत येत तेव्हा मुलगी सासरी. आता साठीला आलेल्या माणसाच्या दारात लुगडं वाळतंय म्हटल्यावर गजालींना काय तोटा? माझे कुळीथ पसरून होतायत तोच वाडीतल्या वडीलधाऱ्या गोदाकाकी चार बायका घेऊन हजर. हातात सूप, सुपात तांदूळ, नारळ, खण. नव्या नवरीची ओटी भरायला.

“सदू, शेवटी बिराड केलंस मा?”

“केलंय तर!” सदूभाऊ खूश.

“खंयचां तां?”

आमच्या बोलीत लेकीसुनेलाही ‘तां’ म्हणतात आणि लाकडालाही. दोघांपैकी कोणालाच शंका आली नाही.

“हयचांच. आमच्या घरामागच्या परड्यातलां.”

“परड्यातलां?” काकींनी बाकीच्या बायकांकडे बघितलं. “आणि उंचीक?”

“माझ्यापरास हातभर उंच.”

“गो बाय माझे! रंगान कसां?”

“रंग खंय दिलो अजून? पावसाआधी देतलंय. हिरवो.”

एकीने तोंडाला पदर लावला. एकीला हसू आवरेना. मी गडग्यावरून ओरडले, “सदूभाव, दार उघडा बघू आधी! नायतर ह्यो बायो तुमचां लगीन लावन जातल्यो!”

काय झालंय ते सदूभाऊंना समजलं आणि ते कानापर्यंत लाल झाले. तीन कुलपं उघडायला त्यांना बराच वेळ लागला.

आम्ही सगळ्या आत डोकावलो. समोरासमोर दोन बाकं, दोन्हींवर गोधड्या. फळीवर दोन ताटं, दोन पेले. भिंतीवर आरसा, तोही सदूभाऊंच्या छातीएवढ्या उंचीवर. त्यात त्यांना स्वतःचं तोंड बघायला वाकावं लागलं असतं. काकींचं तोंड मात्र नीट दिसत होतं.

“दोघांचां कित्याक रे सदू?” काकींनी विचारलं.

सदूभाऊ हातातलं कुलूप उगाच उघडत-मिटत राहिले.

“एकट्याचां बिराड चोराक लगेच कळता, काकी.”

ताटं, पेले, आरसा, सगळं बंद दाराच्या आत होतं. चोराला ते बाहेरून कसं दिसणार, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

काकी वाकून आत शिरल्या आणि पलीकडच्या बाकावर त्यांनी खण, नारळ आणि तांदूळ नीट मांडले.

“भरूक काढलेली ओटी माघारी न्हेनत नाय,” असं म्हणून त्या बाहेर आल्या आणि चालू लागल्या.

सोमवारी पहाटे सदूभाऊ पेट्या घेऊन कोल्हापूरला गेले. मी झाडू घेऊन गडग्यापलीकडे गेले. ज्या दारात रांगोळी नाही तिथे बाई नांदते असं कुठला चोर मानील? बिऱ्हाडापुढची जागा झाडली, शेणाने सारवली. सकाळची शाळा होती, उशीर होत होता. दोन रेघा ओढून भागलं असतं. तरी मी कमळ काढलं.