सरकारस्वारी बेसबॉलच्या मैदानीं हरवली व सुखरूप सांपडली, त्याची हकीकत

श्रीगजानन लिहिणाराच्या हातून खरें तेंच उतरवो. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आषाढ शुद्ध सप्तमी, मंदवासर, ते दिवशीं परमुलखीं सरोवराकाठच्या शहरीं जो प्रसंग गुदरला, तो साहेबांचे सेवेसी यथास्थित लिहिला आहे.

कोकणप्रांतीं सावित्रीकाठीं एक राज्य होतें. राज्य म्हणजे तीन खोल्या, मागें परसूं आणि माणसें तीन. राजश्री भास्करराव टिपणीस हे धनी, त्यांचें कुटुंब कुमुदिनीबाई, आणि एकुलती कन्या केतकी. भास्करराव पाटबंधारे खात्यांत इंजिनिअर होते, छत्तीस वर्षें कालवे खणविले, आणि उभ्या हयातींत कोणास रस्ता विचारिला नाही. म्हणत, "पाण्याला वाट सांगावी लागते का? उतार बघतं आणि जातं." ऐसे करारी. मग केतकी विद्येस्तव समुद्रापार गेली, आणि तेथेंच नोकरीस राहिली, आणि दोन वर्षांमागें रसेल नामें एका गृहस्थाशीं कचेरींत सह्या करून लग्न लाविलें, आणि मागाहून फोनवर कळविलें. रसेल हा शाळेंत मुलांस सुतारकाम शिकवी. माणूस मोठा सालस. परंतु भास्कररावांनीं तें वर्तमान ऐकून फोन कुमुदिनीबाईंच्या हातीं दिला, आणि तेव्हांपासून जावयाशीं एक अक्षर बोलिले नाहींत. त्यानें मराठींत चार ओळी लिहून पाठविल्या, त्यांचेंही उत्तर दिलें नाही. ऐसीं दोन वर्षें गेलीं. मग कुमुदिनीबाईंनीं एके सकाळीं बॅग भरली आणि बोलिल्या, "माझं तिकीट काढलंय. तुमचंही काढलंय. यायचं नसेल तर तुमचं रद्द करा, माझं नाही." तेव्हां सरकारांचा इलाज चालेना, स्वारी विमानांत बसली आणि त्या शहरीं दाखल जाहाली.

तेथें आठ दिवस जाहाले. रसेल रोज सकाळीं विचारी, "बाबा, चहा?" आणि भास्करराव केतकीकडे पाहून म्हणत, "त्यांना सांग, नको." केतकी रडकुंडीस आली. मग तिनें तोड काढिली कीं शनिवारीं दुपारीं चौघांनीं मिळून बेसबॉलचा खेळ पाहण्यास जावें. घरांत समोरासमोर बसून जें होत नाही, तें चार माणसांत एका रांगेंत बसून होईल. ऐसें ठरून स्वारी निघाली.

मैदान तें केवढें! तटासारखी गोल इमारत, तीन मजले, आणि आंत चाळीस हजार माणूस. ऊन कडक. चौघांची जागा वरच्या मजल्यावर. खालीं हिरवळीवर पांढऱ्या पोशाखाचे गडी त्या शहराचे, आणि करड्या पोशाखाचे पाहुणे. एक गडी उंचवट्यावरून चेंडू फेंकी आणि समोरचा बॅट खांद्यावर धरून उभा राही, आणि बहुतेक वेळां कांहींच घडत नसे. भास्करराव बोलिले, "हा बॅट घेऊन येतो आणि मारतच नाही. मग आलाय कशाला?" केतकीनें हें रसेलास सांगितलें, तो मनापासून हंसला. भास्कररावांनीं मान फिरविली. मग रसेल उठून कोंबडीचे गरम पाव घेऊन आला आणि पहिला सरकारांपुढें धरिला. "त्यांना सांग, भूक नाही."

कुमुदिनीबाई हळूच बोलिल्या, "अहो, शुगरची गोळी घेतलीय सकाळी. दोन घास तरी खा."

"भूक नाही म्हणालो ना."

वास्तविक भूक होती. परंतु ज्याशीं बोलावयाचें नाही त्याचे हातचें खावें कैसें, हा पेंच. पाव तैसाच कागदांत राहिला.

खेळ चालतां चालतां सहा डाव जाहाले, आणि सातव्या डावीं एकाएकीं चमत्कार ऐसा कीं मैदान शांत जाहालें. कुमुदिनीबाईंनीं विचारिलें, "काय गं, कोणाला लागलं का?" केतकी कानाशीं लागून बोलिली, "नाही गं. आपल्या त्या चेंडू टाकणाऱ्याच्या चेंडूवर अजून एकाही पाहुण्याला धड फटका मारता आलेला नाही. एकसुद्धा नाही. सगळे नऊ डाव असंच चाललं तर... लोकांचा जन्म जातो, बघायला मिळत नाही. पण त्याबद्दल बोलायचं नसतं. बोललं की मोडतं म्हणतात."

"दृष्ट लागते, एवढंच ना," कुमुदिनीबाई बोलिल्या, आणि त्यांनीं तोंडास पदर लाविला.

रसेल दोन्ही हात गुडघ्यांवर आवळून बसला होता. तो पांचव्या वर्षापासून बापाचा हात धरून याच मैदानीं येत असे. बाप जन्मभर या एका गोष्टीची वाट पाहून वारला. हें केतकीनें आईस सांगितलें. भास्कररावांनीं ऐकिलें, परंतु त्यांचें चित्त ठिकाणीं नव्हतें. कपाळावर गार घाम आला होता. "तोंड धुवून येतो," ऐसें म्हणून ते उठले आणि जिना उतरून गेले. फोन कुमुदिनीबाईंच्या पर्समध्यें राहिला.

तोंड धुवून बाहेर आले तों सर्व बाजू सारख्या. इमारत गोल, उजवीकडे गेले तरी तेंच, डावीकडे गेले तरी तेंच. विचारावें तर तें हयातींत केलेलें नाही. मग एक मोठें दार दिसलें, तेंच आंत जाण्याचें समजून ढकलिलें, तों रस्त्यावर आले आणि दार मागें मिटलें. तें बाहेरून उघडेना. तटाच्या कडेनें चालूं लागले, म्हणाले पुढें दार असेल. पायांत कांपरें भरलें, डोळ्यांपुढें पिवळें दिसूं लागलें, आपल्या जागेचा आंकडा आठवूं गेले तों कन्येचें नांवही क्षणभर आठवेना. तेव्हां मात्र भास्करराव भ्याले.

रस्त्याच्या कडेला एक वयस्क बाई भाजलेल्या शेंगांची गाडी लावून बसली होती. नांव तिचें रोझा. तिच्यासमोर जाऊन भास्कररावांनीं गाडीचा दांडा धरिला, आणि सर्व इंग्रजी विद्या विसरून एकच शब्द बोलिले: "शुगर." बाई शहाणी. तिच्या नवऱ्यास हाच विकार. तिनें आपलें स्टूल दिलें, लिंबाच्या सरबताचा पेला ओठांस लाविला आणि दटावून म्हणाली, "बोलू नका. आधी प्या. सगळं."

इकडे आठवा डाव संपला आणि शेवटला लागला. पाहुण्यांचे तीन गडी बाद व्हावयाचे राहिले. चाळीस हजार माणूस उठून उभें राहिलें, आणि कुमुदिनीबाईंनीं केतकीचा दंड धरिला. "बाबा आले नाहीत गं. गोळी घेतलीय आणि पोटात अन्नाचा कण नाही."

केतकी बोलिली, "मी जाते. रसेल, तू थांब. तीनच राहिलेत."

रसेलास मराठी बेताचीच. परंतु 'बाबा' आणि 'गोळी' हे दोन शब्द पुरे जाहाले. त्यानें मैदानाकडे एकवार पाहिलें, आणि म्हणाला, "तू आईपाशी थांब." आणि धांवला. तीन मजले धांवला, दरएक मोरींत हाका मारिल्या, दरएक पहारेकऱ्यास विचारिलें. शेवटीं एकजण बोलिला, "उंच म्हातारे गृहस्थ? पांढरा शर्ट? ते या दारानं बाहेर गेले. मी अडवलं नाही. चालण्यावरून मला वाटलं, मैदानाचे मालक आहेत."

रसेल बाहेर आला, तों शेंगांच्या गाडीपाशीं सरकार स्टुलावर बसलेले, हातीं रिकामा पेला, तोंडावर रंग परतूं लागलेला. त्यानें रस्त्यावरच गुडघे टेंकिले, त्यांचे दोन्ही हात धरिले आणि त्यास जेवढी मराठी येत होती तेवढी सगळी वापरिली. "बाबा! मी खूप शोधलं. तुम्ही नाही. मला खूप भीती. खूप."

मग भास्करराव दोन वर्षांत पहिल्यानें त्याशीं बोलिले, "अरे, बस. आधी दम घे. मी ठीक आहे. या बाईंनी वाचवलं."

इतक्यांत तटाच्या आंत ऐसा गजर उठला कीं गाडीवरल्या शेंगा हालल्या. रोझा दोन्ही हात वर करून ओरडूं लागली. रसेलानें मान वळविली नाही. तो सासऱ्याची नाडी पाहत होता. भास्कररावांनीं विचारिलें, "काय झालं आत?"

"काही नाही, बाबा. खेळ संपला."

मग रसेलानें फोन केला, आणि केतकी व कुमुदिनीबाई गर्दींतून वाट काढीत आल्या. कुमुदिनीबाईंनीं धन्यास आपादमस्तक न्याहाळिलें, आणि भर रस्त्यांत बोलिल्या, "खा म्हटलं होतं ना!" आणि रडूं लागल्या, आणि रडतां रडतां हंसूं लागल्या. तो कागदांतला पाव त्यांनीं बरोबर आणिला होता. भास्कररावांनीं तो तेथेंच स्टुलावर बसून खाल्ला, गार जाहाला होता तरी, बोटें चाटून. मग रोझास हात जोडिले आणि स्वारी घरीं परतली.

संध्याकाळीं चहाच्या वेळीं केतकीनें बापास सांगितलें कीं तो गजर कशाचा होता, रसेल काय पाहण्याचा राहिला, आणि कोणासाठीं राहिला. भास्कररावांनीं कप खालीं ठेविला. मग स्वयंपाकघरांत गेले. रसेल कांदा चिरीत होता. बोलिले, "असं पुन्हा कधी होतं?"

रसेलानें शब्द जुळविले. "माहीत नाही, बाबा. कदाचित वीस वर्षं."

भास्कररावांचें वय एकाहत्तर. क्षणभर हिशेब केला आणि दुसरी सुरी घेऊन बटाट्यांस लागले. म्हणाले, "ठीक आहे. मग येत राहू. पुढच्या शनिवारी किती वाजता निघायचं?"

येणेंप्रमाणें प्रसंग टळला. राज्यावर आलें होतें मोठें, गेलें थोडक्यांत. ते रात्रीं सर्वांस स्वस्थ झोंप लागली. इतकें लिहून लेखणी ठेविली.