समुद्राकडे निघालेलं घर

ऑक्टोबर १९३४, सोमवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. कान्हे गावातून महिपती शिंदे यांचं घर निघालं. घरात चूल, पाटा-वरवंटा, दोन गोधड्या आणि बायको झुंबरबाई. घर हाकत होते खुद्द महिपती.

घर म्हणजे जुन्या लॉरीवर बांधलेली फळ्यांची खोली. लोणावळ्याच्या एका शेटजींची मोटार वीस वर्षं हाकून झाल्यावर महिपतींनी ती मोडीतली लॉरी मागून घेतली, कारण झुंबरबाईंना समुद्र पाहायचा होता. आगगाडीनं जाऊन संध्याकाळी परतायचं नव्हतं. काठावर मन भरेपर्यंत राहायचं होतं. तीन वर्षं लॉरी दगडांवर उभी राहिली. खिडकीला पडदे आले, झुंबरबाईंना झोपेत लाटा ऐकू येऊ लागल्या. टायर तेवढे येईनात. शेवटी झुंबरबाईंनी मुदत घातली. सोमवारी घर हललं नाही, तर भांडीकुंडी घेऊन त्या मळवलीला भावाकडे राहायला जाणार होत्या.

टायर निवडावा तर आपणच, असं महिपती पारावर नेहमी सांगत. शुक्रवारी ते लोणावळ्याला गेले आणि दोन दिवस टायर निवडत राहिले. एकेक अंगठ्यानं दाबला, टिचकी मारून कान लावला. एकाचा वास घेताना त्यांना पहिली मोटार आठवली, आणि तो टायर मांडीवर घेऊन ते तासभर नुसते बसून राहिले. दुकानदारानं तेवढ्यात दुपारची झोप काढली.

जाण्यापूर्वी त्यांनी भिमाजी लोहाराला निरोप दिला होता. टायर हा शब्द भिमाजीला कळायचा नाही, म्हणून ते त्याच्या भाषेत बोलले: सोमवारी नव्या धावा घालून निघायचं आहे, चाकं बघून ठेव.

भिमाजीनं चाकं पाहिली. लाकडी आऱ्यांची, थेट बैलगाडीसारखी. आणि बैलगाडीच्या चाकावर चढवतात ती लोखंडी पट्टी म्हणजे धाव, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं कुजलेलं रबर उतरवलं, चार धावा तापवून लाल केल्या, चाकांवर चढवल्या आणि पाणी ओतून आवळल्या.

रविवारी संध्याकाळी महिपती चार नवे टायर घेऊन आले.

"ह्ये काय केलंस, भिमाजी?"

"धावा घातल्या, आबा. तुमीच म्हनला व्हता."

"काढ त्या."

"आता कशाच्या निगत्यात? चाकच फोडाया लागंल." आबा मजबुतीची खात्री करून घेताहेत, असं भिमाजीला वाटलं. "बारा वरसं बघाया नको."

आत झुंबरबाईंनी भांडी बांधून ठेवली होती. गाठोडं समुद्राचं की मळवलीचं, हे विचारायचा धीर महिपतींना झाला नाही. त्यांनी चारही टायर छपरावर बांधले.

सोमवारी लोखंडी धावांचा खडखडाट ऐकून कामशेतला लोक तोफखाना आला म्हणून दारात आले. कार्ल्याजवळ एका बैलगाडीनं घराला मागं टाकलं. गाडीवानानं वळून पाहिलं. "आबा, रबर वर अन् लोखंड खाली? घर उलटं धरलंय जनू."

आत झुंबरबाई खिडकीशी पेंगत होत्या. पिवळी भातखाचरं हळूहळू मागं वाहत होती, आणि तो खडखडाट त्यांच्या कानी खडकावर लाट फुटावी तसा येत होता.

दोन वाजून वीस मिनिटांनी खंडाळ्याला घाटाच्या तोंडाशी शिपायानं हात आडवा केला. या चाकांवर उतार लागला, तर ब्रेक दाबूनही घर खोपोलीलाच थांबेल, असं त्याचं म्हणणं पडलं. महिपती चाकांखाली दगड लावत होते, तोच दरीतून धुकं वर आलं. पांढरंशुभ्र, कड्यापर्यंत काठोकाठ. डोंगरांची दोन टोकं तेवढी बेटांसारखी वर राहिली.

खिडकीचा पडदा सरकला. झुंबरबाई बराच वेळ पाहत राहिल्या.

"अवो," त्या हळूच म्हणाल्या, "लाटांचा आवाज कसा न्हाई?"

महिपतींनी हातातला दगड खाली ठेवला.

"ओहोटी हाय."

संध्याकाळी पाचपर्यंतची खबर अशी: धुकं अजून विरलेलं नाही. शिपायाला महिपतींनी हळू बोलायची विनंती केली आहे. झुंबरबाईंनी चूल पेटवली आहे, आणि भरती किती वाजता येते हे दोनदा विचारलं आहे.